रविवारचं शंटिंग

माझ्या नवऱ्याला एका जागी बसता येत नाही. पायांत काही दोष नाही, दोष स्वभावात आहे. जेवता जेवता उठून पंखा एकाने कमी करील, परत येऊन बसेल आणि दोन घास झाले की तोच पंखा वाढवायला पुन्हा उठेल. आमच्या लग्नात भन्तेजी पंचशील देत होते, तेव्हा हा माणूस मंडपातल्या खुर्च्यांची वाकडी झालेली रांग बघून चुळबुळत होता. विधी संपल्याबरोबर पहिलं काम त्याने काय केलं, तर ती रांग सरळ केली. मी हार घालून उभी. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

समोर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना मात्र ‘तो’च म्हणणार, निदान कागदावर तरी.

दशरथ वानखडे रेल्वेत सांख्यिकी शाखेत कारकून. मूळ गाव मूर्तिजापूरकडचं. भुसावळ, रतलाम, अजमेर असा प्रवास करत आम्ही बदलीवर जयपूरला आलो आणि शास्त्री नगरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. वडील गँगमन होते, ते लवकर गेले. आईने, म्हणजे माझ्या सासूबाई भीमाबाईंनी, जिनिंगमध्ये सरकी उचलून दोन मुलांना शिकवलं. धाकटा भगवान गावाकडेच राहिला. सासूबाई सहा महिने तिकडे, सहा महिने आमच्याकडे असत.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात आमच्या घरी कॉम्प्युटर आला. तेव्हा आमच्या गल्लीत फ्रिजही दोघांकडेच होता. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्याने नवी यंत्रं घेतली आणि जुनी काढून टाकली. तिथे देखभालीचं काम करणारा पंडित सोनवणे हा धुळ्याकडचा, जयपुरात भेटलेलं मराठी माणूस म्हणून आमचा घरचाच झालेला. त्याने दशरथला सांगितलं आणि दशरथ दुसऱ्याच दिवशी हातगाडी घेऊन हजर. पिवळट अक्षरांचा पडदा, दोन्ही हातांनी धरून उचलावी लागेल अशी पेटी आणि तिच्या पोटात वीस एमबीची हार्ड डिस्क. मी विचारलं, हे घेऊन करायचं काय? तो म्हणाला, व्यवस्थित ठेवायचं.

आणि खरंच, त्याने ते व्यवस्थित ठेवलं. दुसरं फारसं काही केलं नाही. सासूबाईंच्या खोलीत धूळ कमी येते म्हणून यंत्र तिथे, त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी. त्यांच्या जुन्या लुगड्याची मी त्याला झूल शिवली. बंद करण्याआधी तो एक आज्ञा देई, म्हणजे आतली सुई तबकडीवरून बाजूला जाऊन बसे. ती एकदा बसली की त्या खोलीत कोणी दणदण चालायचं नाही, अशी घराला ताकीद. सासूबाई एरवीही पायांचा आवाज न करणाऱ्या, पण आमची इंदू अकरा वर्षांची. तिला आठवड्यातून चारदा बोलणी बसत.

रविवारचं काम याहून मोठं. हे यंत्र एखादा मजकूर एका जागी ठेवत नाही. जिथे मोकळी जागा सापडेल तिथे त्याचा तुकडा टाकतं, दुसरा तुकडा दुसरीकडे, आणि मग वाचायच्या वेळी सुईची पळापळ होते. पंडितने एका फ्लॉपीवर असा प्रोग्राम आणून दिला होता, की तो सगळे तुकडे शोधून एकेका मजकुराचे एकापाठी एक लावून ठेवायचा. पडद्यावर चौकोन दिसत, एक इथून उचलला जाई, तिकडे जाऊन बसे. दशरथ रेल्वेचा माणूस, त्याने त्याचं नाव शंटिंग ठेवलं. यार्डात विखुरलेले डबे जोडून गाडी तयार करतात तसं. तीन-साडेतीन तास चाले. एरवी पाच मिनिटं न बसणारा हा माणूस ते बघत तेवढा वेळ स्टुलावर बसे, कारण मध्येच लाईट गेली तर काय करायचं याची त्याला धास्ती. शंटिंग झालं, की मग तो सगळ्याची नक्कल फ्लॉप्यांवर काढी. नक्कल आधी का नाही, असं पंडितने एकदा विचारलं होतं. आधी घर लावायचं, मगच फोटो काढायचा, नाहीतर पसाऱ्याचाच फोटो येतो, असं याचं उत्तर. पंडितने मान हलवली होती. ती हो म्हणून नव्हे, हे मला आत्ता कळतं.

एकोणनव्वदच्या एप्रिलमध्ये चौदा तारखेची जयंती झाली. त्या संध्याकाळी इंदूने आजीला विचारलं की दीक्षा घेतली तेव्हा तू होतीस का. सासूबाई सांगू लागल्या आणि इंदूला त्यातलं अर्धं कळेना. तिची मराठी ‘मतलब’ने सुरू होते आणि हिंदीत जाऊन संपते. दशरथ ऐकत होता. त्याने ठरवलं, आईचं सगळं आयुष्य लिहून काढायचं, छापून ठेवायचं, पुढे पोरीला वाचता येईल. सासूबाई तीस तारखेच्या गाडीने भगवानकडे जायच्या होत्या. त्यांचं वय आणि खोकला बघता पुढच्या खेपेचा भरवसा कोणी धरत नव्हतं, त्या स्वतः तर मुळीच नाही.

घरात टेपरेकॉर्डर होता. मी तोच म्हटलं. पण त्याचा लाल दिवा लागला की सासूबाई कोर्टात साक्ष दिल्यासारखं बोलत, “व्हय”, “नाई”, बस्स. मग दशरथने यंत्रावरच लिहायला घेतलं. देवनागरी त्याच्यावर उमटत नसे, म्हणून इंग्रजी अक्षरांतली मराठी. तो ऑफिसातून आला, चहा झाला, की सासूबाई खाटेवर, हा स्टुलावर, पाठ त्यांच्याकडे. त्या सांगत आणि हा बोटं आपटत, “हो, पुढं” म्हणे. त्या एखाद्या ठिकाणी अडखळल्या, पदर डोळ्यांना लावला, की हा तेवढ्यात मागची ओळ दुरुस्त करून घेई. मला त्याचा संताप येई, पण पोळ्या माझ्याच तव्यावर असत. आठ दिवसांत सत्तावीस पानं झाली. मधल्या रविवारी फ्लॉप्या संपल्या होत्या, म्हणून नक्कल तेवढी राहून गेली. सासूबाई दिवसभर पुढे काय सांगायचं ते मनाशी जुळवत बसत. त्या आठ दिवसांत त्या जितक्या आनंदात होत्या, तितक्या मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या.

शुक्रवारी ती सत्तावीस पानं मी पुसली.

मी शिशुवर्गाला शिकवते. मुलांच्या प्रश्नपत्रिका मी त्या यंत्रावर करी आणि माझा एक वेगळा कप्पा होता. त्या दिवशी यंत्र म्हणालं, जागा संपली. मी म्हटलं, आपल्या जुन्या प्रश्नपत्रिका कशाला हव्यात, आणि सगळा कप्पा एका फटक्यात पुसायची आज्ञा दिली. यंत्राने विचारलं, नक्की ना? मी नक्की म्हटलं. त्यानंतर सहज त्याचा कप्पा उघडला तर आईंचा मजकूर तिथे नाही. मग आठवलं, पुसण्याआधी माझ्या यादीत ते नाव ओझरतं दिसलं होतं. आदल्या दिवशी या व्यवस्थित माणसाने तो माझ्या कप्प्यात हलवून ठेवला होता, का, तर तिथे जरा शिस्त होती. मला सांगितलं नव्हतं.

सासूबाई मागे खाटेवर वाटाणे सोलत होत्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मला कोणी शिकवायला नको. पण आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे की मी माझी चूक कबूल करत नाही. ‘एक दिवस तू यात काहीतरी घाण करशील’ असं तो म्हणून बसलेला, आणि ते त्याला खरं झालेलं बघू द्यायचं माझ्या जिवावर आलं. त्या संध्याकाळी मी डोकं दुखतंय म्हणून सगळ्यांना लवकर जेवायला घातलं आणि लिहिणं टाळलं. शनिवारी शाळा सुटल्यावर टेम्पोने सीकर रोडला गेले, कारखान्याच्या फाटकाशी पंडितला बोलावून घेतलं आणि त्याला सांगितलं.

पंडित हसला. मला त्याला मारावंसं वाटलं.

“पुसलं मतलब गेलं नाही, वहिनी,” तो म्हणाला. “मशीन फक्त दारावरची पाटी काढतं. माणूस आत तसाच असतो. पण त्या खोलीत दुसरं बिऱ्हाड येऊन राहिलं, की संपलं.”

परत आणायचा प्रोग्राम त्याच्या इंजिनिअरकडे होता आणि इंजिनिअर सोमवारी येणार होता. सोमवारी संध्याकाळी मी येतो, म्हणाला, तोवर त्या यंत्रावर एक अक्षर कोणाला लिहू देऊ नका. मी निघाले, तर त्याने मागून हाक मारली आणि विचारलं, दशरथभाऊ रविवारचं ते अजून करतात का. आज शनिवार आहे हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. ते शंटिंग म्हणजे सगळ्या रिकाम्या खोल्यांत दुसऱ्यांचं सामान नेऊन टाकणं, हे त्याने वेगळं सांगायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळीही मी डोकेदुखी पुढे करून लिहिणं टाळलं आणि रात्री रविवार कसा घालवायचा याचाच विचार केला. यंत्राची वायर उंदराने कुरतडली म्हणावं, तर ती हा दहा मिनिटांत बदलेल. आजारी पडावं, तर हा घरीच थांबेल. शेवटी ठरवलं, याला घरातून बाहेर काढायचं. सकाळी उठल्याबरोबर मी जाहीर केलं की आज आमेरला जायचं. तीन वर्षं जयपुरात राहून पोरीने किल्ला पाहिलेला नाही, लोक काय म्हणतील. तो म्हणाला, आज रविवार. मी म्हटलं, म्हणूनच. तो म्हणाला, एप्रिलचं ऊन. मी म्हटलं, लवकर निघू. मी इतकी अडून बसले की सासूबाईही म्हणाल्या, जाय बापा, घेऊन जाय तिले. मले गुडघे वर चढू देनार नाईत, मी घरी बसते.

शेवटी तो कबूल झाला. मग आत जाऊन आईशी काहीतरी बोलला, कपडे केले आणि नऊच्या सुमाराला आम्ही निघालो. जिंकल्याच्या आनंदात मी डब्यात लोणचं घ्यायला विसरले.

बडी चौपडहून बस मिळाली. किल्ल्याची चढण चढून वर पोचलो, इंदू आरशांचा महाल बघून आली, आणि आम्ही खालचं तळं दिसतं अशा भिंतीच्या सावलीत कचोऱ्या घेऊन बसलो. दोन दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली होती. दशरथ दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता. त्याचं नेहमीचंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. तेवढ्यात तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “आता अर्ध्याच्या वर गेलं असंल.”

“काय?”

“शंटिंग. लावून आलो ना सकाळी. आईले बसवलं समोर. म्हटलं, लाईट गेली तर बटन बंद कर फक्त.”

कचोरी माझ्या हातातच राहिली. मग सगळं सांगितलं. शुक्रवारचं, पंडितचं, पाटीचं, बिऱ्हाडाचं. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, इंदूचा हात धरला आणि उतारावरून चालू लागला, मग पळू लागला. हत्तीवरून वर येणारे परदेशी पाहुणे आमच्याकडे बघत होते.

घरी फोन नव्हता. खालच्या मजल्यावर मालकांकडे होता, पण ते सहकुटुंब लग्नाला अजमेरला गेलेले. स्टँडवर बस उभी होती आणि ती भरल्याशिवाय हलणार नव्हती. दशरथ कंडक्टरला जाऊन म्हणाला, रिकाम्या सीटांचे पैसे मी देतो. कंडक्टरने त्याला बसून घ्यायला सांगितलं. तो बसला, उठला, दारात जाऊन उभा राहिला, परत आला. मी बोटांवर हिशेब करत होते. पावणेनऊला लावलं असेल, तर सव्वाबारापर्यंत चालेल. साडेअकरा झाले होते. अर्धा मजकूर तरी उरला असेल. अर्धा नाही, तर पाव. मध्येच मला दशरथचा राग आला, मध्येच स्वतःचा, आणि मग बस चालवणाऱ्याचा सगळ्यांत जास्त.

जोरावरसिंह दरवाजाशी बस थांबली. समोरच्या हलवायाच्या दुकानातला पंखा बंद होता, शेजारच्या शिंप्याकडेही अंधार. लाईट गेली होती. मी दशरथकडे पाहिलं. पाच महिने हा माणूस लाईट जाईल म्हणून धास्तावत होता.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “आपल्याकडंही गेली असंल, म्हणजे शंटिंग मध्येच थांबलं असंल. बाकीचं सगळं बिघडू दे, काही नाही.” त्याचे डोळे भरले होते. बारा वर्षांत ते मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला माझ्या त्या हट्टाची लाज वाटली.

चांदपोलहून पुढे रिक्षा केली. शास्त्री नगरात शिरलो तर कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा रेडिओ मोठ्याने वाजत होता, पंखा फिरत होता. आमच्याकडे लाईट गेलीच नव्हती. दशरथ जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढला.

सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर पडद्यावर. चहाही करून घेतलेला दिसत नव्हता. पडद्यावरचे चौकोन सगळे वर एका रांगेत गोळा झाले होते आणि खाली नुसती मोकळी जागा होती. काम पूर्ण झाल्याची ओळ खाली लुकलुकत होती.

“आताच थांबलं,” त्या कौतुकाने म्हणाल्या. “लाईन नाई गेली. म्या हाललीच नाई जागची.”

दशरथ त्यांच्या शेजारी फरशीवर बसला. काय झालं ते त्यांना आम्ही त्या दिवशी सांगितलं नाही. त्याने यंत्र बंद केलं, आणि त्याआधीची ती सुई बाजूला बसवायची आज्ञा द्यायला विसरला.

सोमवारी पंडित आला. दोन तास त्याने डोकं खाजवलं. मजकुराचं नाव सापडलं, पहिलं अक्षर गळालेलं. त्या नावाच्या जागी आत दशरथने हौसेने घरी आणून ठेवलेली मालवाघिणींची, म्हणजे मालगाडीच्या डब्यांची, कोष्टकं होती. सहामाही, तिमाही, ब्रॉडगेज, मीटरगेज. एका कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांत अर्धी ओळ तेवढी उरली होती, ‘मग मी म्हणाली की’, आणि पुढे अजमेर यार्डातल्या वाघिणी. पंडितने ती ओळ दोनदा वाचून दाखवली आणि मग फ्लॉपी खिशात घालून चहा न घेता गेला.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी म्हटलं, मी सांगते, चूक माझी आहे. तो म्हणाला, दोघांची आहे. आम्ही दोघं सासूबाईंच्या खाटेशी गेलो आणि त्यांना समजेल असं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या चिडल्या नाहीत. एवढ्या मोठ्या डब्यात जागा कमी पडते, याचं त्यांना नवल वाटलं.

दशरथने वही आणली, पेन आणलं. यंत्र नको, म्हणाला, हातानं लिहितो. तीस तारखेला अजून सहा दिवस होते. तो म्हणाला, आई, पुन्हा सांग, पहिल्यापासून.

“पुन्हा काहाले?” सासूबाई म्हणाल्या. “आठ दिस सांगतलं ना तुले. आता तू सांग. मी आयकते. चुकलं तं सांगीन.”

त्याला वाटलं त्या थट्टा करताहेत. त्या करत नव्हत्या. त्या पाय वर घेऊन, पदर सारखा करून ऐकायला बसल्या होत्या. दशरथने तोंड उघडलं. तू लहान होतीस, म्हणाला. मग थांबला. तुझे वडील, म्हणाला. पुन्हा थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला पोळ्या करता करता ऐकू आलेलं आठवत होतं, एक विहीर, कोणीतरी वारलेली बहीण, नागपूरचा रस्ता, पण कुठलं आधी आणि कुठलं नंतर ते नाही.

सासूबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग अडलेल्या मुलाला सोपा प्रश्न घालावा तसं त्यांनी विचारलं, “बरं, लग्नाच्या आंधी मायं नाव काय होतं, ते सांग.”

पहिल्याच पानावर ते त्याने स्वतःच्या बोटांनी लिहिलं होतं. तो वहीच्या कोऱ्या पानाकडे बघत राहिला. पंख्याकडे गेला नाही, घड्याळ पाहिलं नाही, जागचा हलला नाही. मी मान खाली घातली, कारण बारा वर्षं एका घरात राहून मी त्यांना ते कधी विचारलंच नव्हतं.